उतरलेला आकडा

नवऱ्याचा आकडा उतरला तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला. मला काहीच झालं नाही. मी भाजी चिरत होते, ती चिरत राहिले.

नवरा छपरं दुरुस्त करतो. एका जुन्या गोदामाच्या माळ्यावर कबुतरांची विष्ठा साचली होती, ती यानं कोरड्या झाडूनं झाडली, तोंडाला साधं फडकंही न बांधता. त्या धुळीतली बुरशी फुप्फुसात जाऊन बसली. आधी खोकला, मग ताप, मग रक्ततपासणी. शरीरात असं काही शिरलं की रक्त त्याच्याशी भांडायला अँटीबॉडी तयार करतं. त्या किती आहेत हे मोजायचं काम मीच करते, आमच्या प्रयोगशाळेत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मोजायची रीत सोपी आहे. रक्त गोठल्यावर वर राहिलेलं पिवळसर पाणी घ्यायचं आणि ते दुप्पट, चौपट असं पातळ करत जायचं, गवळ्यानं दुधात पाणी घालावं तसं, फक्त प्रामाणिकपणे. कितीपट पातळ होईपर्यंत अँटीबॉडीची खूण दिसते, तो आकडा. नवऱ्याचा पहिला आकडा बत्तीस होता. बुरशीचं औषध सुरू झालं आणि काही महिन्यांनी तो चारवर आला.

घरच्या माणसाचा नमुना आपण तपासायचा नाही, असा आमच्याकडे नियम. त्यामुळे तो तपासायला लावला शेजारच्या टेबलावरच्या 'घाई'नं. तिला कशाचीच घाई नसते, म्हणून हे नाव.

"चार गं," ती म्हणाली. "सुटलीस तू."

सासूबाईंनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले. "आणि बाळसं धरलंय बघा त्यानं," त्या प्रत्येकाला सांगत होत्या. खरंच, त्याचा चेहरा गोल झाला होता. डॉक्टरही खूश होते. पुढच्या वेळी औषध बंद करू, म्हणाले.

पण तो जिन्यात मध्येच थांबायचा. "इथं ओल आलीय बघ," असं म्हणत भिंतीवर हात ठेवायचा. मी ती भिंत रोज बघत होते. ओल नव्हती.

आमच्याकडे जुना नमुना गोठवून ठेवतात. वेगळा दिवस, वेगळा हात, चाचणीच्या रसायनाची वेगळी बाटली, एवढ्यानंही आकडा एखादी पायरी वरखाली होतो. म्हणून शंका आली की जुना आणि नवा नमुना शेजारी शेजारी, एकाच प्लेटमध्ये लावायचा. मी घाईला तसं लावायला सांगितलं. "नशीब उघडलंय तर झाकतेस कशाला?" असं पुटपुटत तिनं लावलं. जुना बत्तीस, नवा चार. चाचणीत चूक नव्हती.

घरी आले तेव्हा तो पलंगाच्या कडेला बसला होता. मी सरळ विचारलं, "सांध्यांच्या गोळ्या अजून घेतोस?"

त्याच्या जुन्या संधिवातावरच्या त्या स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या. बुरशी सापडली तेव्हाच डॉक्टरांनी त्या हळूहळू कमी करून थांबवायला सांगितल्या होत्या. त्यानं बोटं उघडून मिटली.

"त्याशिवाय हातोडी धरता येत नाही गं. सकाळी बोटंच उघडत नाहीत."

"त्या गोळ्यांनी तुझ्या शरीराचं भांडणच बंद पाडलंय. आकडा म्हणून उतरलाय. तोंडही त्यानंच सुजलंय."

"म्हणजे मी बरा होत नाहीये."

"नाही."

मला राग यायला हवा होता. मी त्याची वाट पाहिली, पण तो आला नाही. मी चपला जागेवर ठेवल्या आणि कुकर लावला. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. 

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी लघवीतून खुद्द बुरशीचा अंश शोधायची वेगळी चाचणी करवली. त्यात तो भरपूर सापडला. औषध चालूच राहिलं, गोळ्या मात्र एकदम न तोडता कमी करत आणल्या. नवऱ्याच्या चेहऱ्याची सूज ओसरली आणि बोटं आखडली. त्याच्या शर्टाची बटणं मी लावायचे. तो खिडकीबाहेर बघायचा, मी बटणांकडे. "सुकला गं माझा," सासूबाई भिंतीला सांगायच्या. मी कामावर जायचे, दुसऱ्यांची रक्तं पातळ करायचे, परत यायचे. आत काही हलत नव्हतं. दात काढल्यावर गाल बधिर असतो, तशी मी सगळीच होते.

मग पुन्हा तपासणी झाली. मी न सांगताच घाईनं जुना नमुना शेजारी लावला होता. ती उठून माझ्या टेबलाशी आली, मयताच्या घरी यावं तशी.

"सोळा झालाय."

"आणि लघवीतला?"

"तो निम्म्याहून कमी."

मी हातमोजे काढले आणि हात धुतले. ते धुऊन झाल्यावर पुन्हा धुतले.

घरी दार सासूबाईंनीच उघडलं. "किती आला?"

"सोळा."

"म्हणजे वाढला."

"वाढला, आई."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "हे बघ, मागच्या वेळी मी उगाच गावभर आनंद केला. आता चांगलं की वाईट ते आधी नीट सांग, म्हणजे मला त्याप्रमाणे रडता येईल."

"चांगलं आहे," मी म्हणाले. "तो परत भांडायला लागलाय."

आणि त्या रडायच्या आधी मीच रडायला लागले, दारातच, पायात चपला तशाच. आतून शर्टाच्या बटणांशी झटत नवरा विचारत होता, काय झालं, काय झालं म्हणून. सासूबाई त्याला म्हणाल्या, "काही नाही रे. तू तुझी बटणं काढ."