थांबणाऱ्यासाठी टोपली

"ही तुझ्यासाठी नाही हं," केवड्याच्या पानांची टोपली ब्रॉन्विनच्या हातात देत सिओसाइआ म्हणाला. "तुझ्या त्या लॉकीला दे. माझ्या बायकोने विणलीय. थांबलाय ना तो आमच्यासाठी?"

"थांबलाय. मी परत जाईपर्यंत हात लावणार नाही, म्हणालाय."

टोंगातल्या त्या चिमुकल्या बेटावर सिओसाइआ धक्का सांभाळायचा. खडकांवरून होड्या कधी काढायच्या, ते कचेरीतल्या जुनाट संगणकात बघून सांगायचा. त्यातलं भरती-ओहोटीचं गणित ब्रॉन्विनच्या लायब्ररीचं, म्हणजे कुठल्याही प्रोग्रॅममध्ये जोडता येणाऱ्या तयार कोडचं. ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या श्रवणयंत्रांच्या दुकानात नोकरी करून, उरल्या वेळात तिने ती वाढवली होती; कुणीही फुकट वापरावी म्हणून. आता तिच्याबरोबर ती सांभाळणाऱ्या लॉकीला ती लायब्ररी संगणकभाषेच्या नव्या आवृत्तीवर न्यायची होती. तसं झालं की जुनी यंत्रं बाद, आणि पुढच्या वर्षाचे आकडे फक्त नव्या आवृत्तीत. "आधी बघून येते, मग ठरवू," ब्रॉन्विन म्हणाली होती. यंत्र तिने पाहिलं. त्याला नवी भाषा झेपणारी नव्हती.

बेटावर फोन लागत नसे. बोट राजधानी नुकुआलोफाला आली तेव्हा लायब्ररीवर काम करणाऱ्या सगळ्यांना लॉकीने धाडलेला निरोप दिसला : 'आठवडाभरात कुणाचीही हरकत नाही. मंजूर. नवी आवृत्ती बाहेर.'

कुणी आठवडाभर बोललं नाही तर संमती धरायची, हा नियम तिचाच. न भेटता वर्षानुवर्षं भांडणारी माणसं ही. कुठेतरी पूर्णविराम हवा म्हणून तिने घातलेला.

तिने फोन लावला. "मी कुठे होते, माहीत होतं ना तुला?"

"हो गं. पण सगळे मागे लागले होते. चार जुन्या डबड्यांसाठी किती अडून बसायचं?"

"मग तोंडावर म्हणायचंस. 'जा बिनधास्त' कशाला म्हणालास?"

"तू इथे असतीस तर हरकत घेतली असतीस!"

आपण काय बोलून गेलो ते त्यालाही कळलं असावं.

केसाने गळा कापला होता. आणि कुणी, तर ज्याला कोडची पहिली ओळ लिहायला तिने शिकवलं, दर नाताळला ज्याचं ताट आपल्या टेबलावर मांडलं, त्याने. परका असता तर ती कडकडून भांडली असती. बाहेर पडलेली आवृत्ती आता मागे येणार नव्हती. सिओसाइआपुरते आकडे दरवर्षी तिनेच एकटीने काढायचे होते, हात चालतील तोवर.

होबार्टला उतरून ती घरी न जाता थेट लॉकीच्या दारात गेली.

"आलीस? ये ना आत, चहा टाकतो."

"नको." तिने टोपली पुढे केली. "सिओसाइआच्या बायकोने तुझ्यासाठी विणलीय."

"माझ्यासाठी? का?"

"तू त्यांच्यासाठी थांबलास म्हणून."

लॉकीचा पुढे आलेला हात अर्ध्यावरच राहिला. "ब्रॉन, ही... ही तूच ठेव."

"माझी नाही ती."

टोपली तिने उंबऱ्यावर ठेवली आणि जाताना फाटक नीट लावून घेतलं.