आधी पाणी

मित्रांनो, मी एक जुना कथलाचा चंबू आहे, बूड एका बाजूला खचलेले. आता फार बोलवत नाही, तरी सांगतो.

कुंभकोणमकडच्या एका कारागिराने मला ठोकून घडवले. कनका लग्न होऊन मद्रासला आली, तेव्हा मीही तिच्याबरोबर आलो. अड्यार नदीकाठच्या घरी रोज माझ्यात सार उकळे. कथलातल्या साराची चवच न्यारी, असे पाहुणे म्हणत आणि मी फुगत असे. माझे दुखणे एकच. आत पाणी नसताना आचेवर ठेवले की मी वितळतो. म्हणून कनका आधी पाणी ओती, मगच मला चुलीवर ठेवी. तिची मुलगी तुळसी रोज समोर बसून हे बघे.

तुळसी बोलत नसे. गलका झाला की कान दाबून किंचाळे. माझ्यातले सार आणि भात, एवढेच ती खाई. अशा मुलांना आता स्वमग्न म्हणतात. तेव्हा लोक 'हट्टी' म्हणून मोकळे होत.

साठच्या दशकातल्या एका कार्तिकात वादळ आले. नदीचे पाणी घरात शिरले. नवरा शहराबाहेर, आवडी गावच्या कारखान्यात अडकलेला. कनकाने एका हाताने तुळसीला धरले, दुसऱ्या हाताने मला, आणि शाळेत आसरा घेतला. सारी गल्ली तिथेच होती. त्या गलक्यात तुळसी किंचाळत राहिली. पानातल्या भाताला शिवेना.

"पोरीस लाडावून ठिवलीस, कनका," शेजारच्या सईबाई म्हणाल्या. "भूक लागली की जेवेल."

"नाही जेवायची, अक्का. ह्या चंबूतलंच सार पाह्यजे तिला. मी काय करू, सांगा?"

दुसऱ्या दिवशी सईबाईंनाच राहवेना. भिंतीला टेकून कनकाचा डोळा लागला होता. सईबाईंनी कुठून तरी चिंच आणि मिरी मिळवली, विटांची चूल मांडून काडी लावली आणि मला वर ठेवले. ओली लाकडे पेटेपर्यंत पाणी आणू, म्हणून त्या नळाच्या रांगेत गेल्या. पण लाकडांवर कुणीतरी आधीच रॉकेल शिंपडलेले. ती भसकन पेटली. माझे बूड मऊ पडून खचू लागले. मी फार घाबरलो.

तेवढ्यात तुळसीने कानांवरचे हात काढले. त्या गोंगाटातून ती उठून आली, आईजवळचा पाण्याचा तांब्या उचलला आणि माझ्यात ओतला. मग पुन्हा कान दाबून चुलीसमोर बसली.

सईबाई परतल्या, माझे खचलेले बूड त्यांनी पाहिले. "अय्यो! मी एवढी म्हातारी चुकले. पोर नाही चुकली."

सार झाले. सईबाईंनी भात कालवून तुळसीपुढे ठेवला आणि सगळ्यांकडे वळल्या. "हळू बोला गं. लेकरू जेवतंय."

दालन गप्प झाले. कनका जागी झाली ती त्या शांततेने. मुलीला जेवताना पाहून ती पदरात तोंड घालून रडली.

पुढे घरात स्टील आले आणि मी माळ्यावर गेलो. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही, थकलो आहे. एवढेच मागतो, मित्रांनो. संकटात असे मूल शेजारी आले, तर आवाज उतरवा, त्याचे भांडे त्याला द्या, त्याच्या आईला घटकाभर झोपू द्या. आम्ही काही हट्टाने वितळत नाही.