मांडीच्या मापाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, बाभळीची. रुंदीला ऐसपैस आणि उंचीला बुटकी. मला बघून लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "ही कुणी केली?" ते सांगायचं तर माझ्या सवतीचंही सांगावं लागतं, आणि तिचं नाव काढलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तरी सांगते.

रहिमतपूरच्या कोंडीबा सुताराच्या बांधावर मी झाड म्हणून उभी होते. कोंडीबा बैलगाडीची चाकं करायचा. त्याचा मुलगा कृष्णात फर्निचरची आखणी आणि बांधणी शिकायला सांगलीच्या एका कलाशाळेत गेला, तेव्हा गावाला मोठी गंमत वाटली. सुताराच्या पोराला लाकूडकाम शिकायला शाळा! कोंडीबा मात्र छाती काढून सांगायचा, "आमी चाकं केली, त्यो खुर्च्या करंल. सायेब बसतील तसल्या!" ते लढाईचे दिवस होते, लाकूड मिळत नव्हतं. कोंडीबाने मला तोडलं, फळ्या पाडून वाळवल्या आणि रेल्वेने स्वतः सांगलीला नेऊन पोचवल्या.

वर्गावर गंगाधरपंत मास्तर होते. बसणं ताठ, टोपी सरळ. त्यांनी मुलांना बजावलं होतं, "आधी माणूस बसवा, त्याचं माप घ्या, मग कागदावर आराखडा काढा आणि मगच करवतीला हात लावा." कृष्णातला माणूस घरचाच मिळाला. मास्तर वर्गात नव्हते, तेवढ्यात तो म्हणाला, "आबा, बसा की हितं जरा. तुमचं माप घेतो."

कोंडीबा बाकावर बसला आणि सवयीने दोन्ही पाय वर घेऊन त्याने झकास मांडी घातली. कृष्णातला त्यात काही वावगं दिसलं नाही. त्याच्या घरात सगळे असेच बसत. त्याने फीत लावून या गुडघ्यापासून त्या गुडघ्यापर्यंत रुंदी घेतली. पाय तर वरच होते, मग उंची कशाची मोजायची? ती त्याने अंदाजाने दीड वीत धरली. कोंडीबा श्वास रोखून, फोटो काढायला बसल्यासारखा बसला होता. "लेका," तो म्हणाला, "जनमभर मी गाड्यांची मापं घेतली. माझं माप आज पैल्यांदा कुणी घेतंय." मग दुपारच्या गाडीने तो परत गेला.

कृष्णातने मला जीव लावून घडवलं. बाभूळ चिवट, पटाशीची धार घालवते, पण तो कंटाळला नाही. काचकागद मारताना तो शीळ घालायचा. मित्रांनो, माझ्या वाटचं कौतुक तेवढंच.

मास्तर आले, माझ्याभोवती फिरले आणि म्हणाले, "अरे कृष्णात, ही खुर्ची आहे की बाजलं? हिच्यावर माणूस बसायचा की म्हैस?" सगळा वर्ग खदखदला. कृष्णातचे कान लाल झाले. परीक्षेसाठी त्याने दुसरी खुर्ची करायची असं ठरलं आणि मास्तरांनी कुठूनसं सागवान मिळवून दिलं.

झालं, ती आली. सडपातळ पाय, नाजूक हात, वेताची विणलेली बैठक. कृष्णात तिच्यावर लाखेचं पॉलिश चढवायचा, फडक्याने पुसायचा, लांबून बघायचा, पुन्हा पुसायचा. आणि हे सगळं करताना बसायचा कुठे? माझ्यावर! भार माझ्यावर आणि नजर तिच्यावर. सांधे चिकटवायच्या सरसाचं भांडं माझ्या डोक्यावर, त्याचे ओघळ माझ्या पाठीवर. मी मनात म्हणायचे, हिच्या पायाला भेग पडो, हिचा वेत उंदीर कुरतडो. पण कशाचं काय! ती दिवसेंदिवस उजळत गेली आणि मी जळत राहिले.

जळण्याला आणखी एक कारण होतं. लाकडाच्या टंचाईमुळे शाळेने नियमच केला होता. परीक्षा झाली की प्रत्येकाने एकच वस्तू घरी न्यायची. उरलेल्या मोडायच्या आणि त्यांचं लाकूड पुढच्या मुलांना द्यायचं. म्हणजे दोघींपैकी एक रहिमतपूरला जाणार होती आणि दुसरीचे तुकडे होणार होते. दुसरी कोण, हे वर्गातल्या झाडूलाही कळत होतं.

मात्र एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. दुपारी मुलं जेवायला गेली की गंगाधरपंत दाराला कडी लावायचे, टोपी खुंटीला अडकवायचे आणि माझ्यावर मांडी घालून डबा उघडायचे. भाकरी मोडताना त्यांच्या तोंडून "हुश्श" असा आवाज निघायचा. घंटा झाली की टोपी परत डोक्यावर आणि मास्तर परत ताठ.

परीक्षेला पुण्याचे पाहुणे आले. त्यांनी सागवानीच्या पाठीवरून हात फिरवला आणि कृष्णातला वर्गात पहिला नंबर दिला. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी कृष्णात हातोडा घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. ज्या हातांनी सांधे बसवले, तेच हात आता उचलले होते.

"थांब," गंगाधरपंत म्हणाले. "ती राहू दे."

"पर मास्तर, नियम..."

"नियम मला शिकवतोस? ती माझ्या कामाची आहे."

या वेळी कान मास्तरांचे लाल झाले होते. मी वाचले, पण सुख कसलं? कृष्णातने सागवानीला नव्या चादरीत गुंडाळलं, टांग्यात उचलून ठेवलं आणि तिला धरून बसला. ती त्याच्या घरी निघाली होती. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

पुढे लढाई संपली. लाकूड मिळू लागलं. मी मास्तरांच्या भाकरीचा वास घेत दिवस काढत होते, तोच एका दुपारी धक्क्याने दाराची सैल कडी निघाली. दारात कृष्णात होता.

"मास्तर, आबा गाडीवरनं पडलं. कंबर धरलीय. जमिनीवर बसलं तर उठवत न्हाई. सागवानीवर बसवलं तर म्हणत्यात, कचेरीत बोलावल्यागत वाटतंय."

"मग रुंद खुर्ची करून दे की. तुला काय अवघड?"

"केली की! त्यावर बसंनात. एकच हट्ट धरून बसल्यात, माझं माप घेतल्याली कुठाय? ती आन, मग बसतो. ती हसण्यावारी गेली, हे मी त्यांना कवा सांगितलंच न्हाई."

मास्तर अर्धी भाकरी हातात घेऊन माझ्यावर मांडी घालून बसले होते, आणि लपवायला आता काही उरलं नव्हतं. ते हळूच खाली उतरले. "घेऊन जा," ते म्हणाले. "मी थट्टा केली तेव्हा ते माप कुणाचं, हे विचारायला हवं होतं. आता मी जेवताना कुठं बसू, ते माझं मी बघेन."

अशी मी रहिमतपूरला आले. घराच्या पुढच्या सोप्यात सागवानी चादर पांघरून उभी होती, अजून नवीकोरी. कोंडीबाला दोघांनी धरून माझ्यावर बसवलं. त्याने सावकाश एक पाय वर घेतला, मग दुसरा. गुडघे माझ्या कडांना बरोबर लागले.

तुम्हांला वाटेल, माझा मत्सर तिथेच संपला. छे! पाहुणे आले की आधी तिची चादर निघते. "वा, काय काम आहे!" म्हणून सगळे तिच्याभोवती जमतात आणि माझ्या पोटात दुखतं. मित्रांनो, एवढंच मागते. घरातली वस्तू चादरीखाली ठेवून तिचे लाड करू नका आणि वेडीवाकडी दिसते म्हणून तिच्यावर हातोडा उचलू नका. ती कुणाच्या मापाची आहे, ते आधी विचारा.

परवा साताऱ्याहून एक बडे पाहुणे आले होते. कोंडीबा दाराशी काठी टेकून उभा होता. पाहुण्यांनी सागवानीकडे पाहिलं, आणि मी रुंद दिसले म्हणून माझ्यावरच टेकायला वाकले. तेवढ्यात कोंडीबाने काठी आडवी धरली.

"तिकडं बसा, पावनं. ती चांगली हाय," तो म्हणाला. "ही माझी हाय."