शिराझचा रस्सा

१९७२ साली श्रीगोंदा तालुक्यात पाण्याला जो मान होता तो विद्येला कधीच नव्हता. निवृत्त प्राध्यापक रंगनाथरावांना हे मान्य होते, क्षम्य नव्हते. त्यांनी परसात शिराझ या काळ्या द्राक्षाचे वीस वेल वाढवले होते. आटत्या सामाईक विहिरीचे पाणी त्या वेलींना द्यायचे की नाही, याचा निकाल आज विहिरीचे कारभारी आसारामभाऊ त्यांच्याच घरी बेसनाच्या मासवडीच्या जेवणावर देणार होते. भाऊ माळकरी, मांस-मद्य वर्ज्य.

"मास्तर, हे द्राक्ष इराणातलं म्हंत्यात?"

"दंतकथा. शिराझ शहराशी नाव जुळते, पुरावा जुळत नाही. हे फ्रान्समधल्या ऱ्होन नदीकाठचे. साल जाड, रंग गडद, चवीला मिऱ्याचा ठसका. याच्या वारुणीबरोबर मसालेदार मटण खावे, असे तज्ज्ञांचे मत आहे."

"आन् आमी काय खावं?"

या प्रश्नाचा विचार युरोपातल्या एकाही ग्रंथाने केलेला नव्हता.

रंगनाथरावांची बहीण बनुबाई हिने मासवडीवर काळपट रस्सा ओतला. भाऊंनी भुरका मारला, वाटी रिकामी केली, दुसरी मागितली.

"आक्का, लई झ्याक! घातलंय काय?"

"मिरी, खोबरं, काळा मसाला. हंड्यात पानी न्हवतं, म्हनून दादाच्या बरणीतलं द्राक्षाचं पानी ओतलं. वरीसभर नुस्तंच मुरत पडलं हुतं."

रंगनाथरावांनी हातातला घास खाली ठेवला; बरणीत त्यांची वारुणी होती. भाऊंचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला.

मग भाऊंनी वाटीत पाहिले.

"मास्तर, तुमी शिकल्यालं. उकळी फुटली की दोष जातो, असा शास्त्रात आधार हाय का? आसंल तर पानी तुमचं. नसंल तर मला बाटवलं म्हनून येल उपटून टाकीन."

खोट्या संदर्भापायी रंगनाथरावांनी तेवीस विद्यार्थी नापास केले होते आणि सख्ख्या मेहुण्याशी बोलणे सोडले होते. त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. वेलींची पाने वाळून सुरळ्या झाली होती.

"आहे."

"म्हना की मग."

रंगनाथरावांनी डोळे मिटले आणि द्राक्षाचे वनस्पतिशास्त्रातले लॅटिन नाव धीरगंभीर सुरात उच्चारले:

"व्हिटिस विनिफेरा."

भाऊंनी हात जोडले. बनुबाईने पदर डोक्यावर घेतला.

"पुन्यांदा म्हना."

आयुष्यातल्या पहिल्या लबाडीला रंगनाथरावांनी या खेपेला नाइलाजाने चालही लावली, आणि ती त्यांना बरी वाटली, याचाच त्यांना भयंकर संताप आला.

"उद्या पहाटंची पाळी तुमची," भाऊ म्हणाले आणि त्यांनी वाटी पुढे केली. "आक्का, तळातलं घाल."