तिसरी थाप

बुगीद लोकरवाल्याला मातीआड करून महिना झाला, तरी रोज दुपारी तो माझं दार वाजवायचा. तीन थापा, मधे दम खाऊन. उघडलं की गल्लीत चिटपाखरू नसायचं. मी चांदीकाम करणारा माणूस, भर दुपारी हातातलं काम सोडत नाही. पण त्या वेळेला हातोडी खाली ठेवावी लागे.

कारण मला ठाऊक होतं. आमच्या जेरबा बेटावर, यहुद्यांच्या भर सिनेगॉगमध्ये तो माझं नाव घेऊन म्हणाला होता, "खलीफाच्या चांदीत तांबं असतं." प्रार्थना सोडून सगळे माझ्याकडे बघायला लागले. चारचौघांत माणसाची मान खाली घालायला लावणं म्हणजे त्याचं रक्त सांडणं, असं आम्हांला लहानपणापासून शिकवतात. पुढे ते तांबं दुसऱ्याच कारागिराचं निघालं.

मग किप्पूरच्या उपवासाआधी, आम्ही एकमेकांची माफी मागतो त्या दिवसांत, तो माफी मागायला आला. पहिल्यांदा मी म्हणालो, "वेळ नाही." दुसऱ्यांदा म्हणालो, "जा, गाढवाची माग." तिसऱ्यांदा दार उघडलंच नाही. आत श्वास रोखून थापा ऐकल्या, आणि खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. आमच्या धर्मात तीनदा मागूनही माफ केलं नाही, तर पाप मागणाऱ्याचं उरत नाही, नाकारणाऱ्याच्या डोक्यावर येतं. दारच उघडलं नाही म्हणजे ती तिसरी खेप धरायची नाही, अशी मी पळवाट काढली. उपवास सुटला आणि दुसऱ्याच दिवशी बुगीद गेला.

शेवटी आमचे धर्मगुरू, रब्बी सासी, यांच्याकडे गेलो.

"दहा माणसं घेऊन कबरीवर जा," ते म्हणाले. "त्यांच्यासमोर सांग, मी बुगीदचा अपराधी आहे."

"आणि तो मला काय बोलला होता, ते?"

"ते गिळायचं. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही."

"रब्बी, माझ्याकडे तो रोज येतोय."

"मग तर जास्तच नीट वाग."

कबरीपाशी अनवाणी उभा राहिलो. "परमेश्वराचा आणि बुगीदचा मी अपराधी आहे," एवढंच बोललो. बाकीचं जिभेवर आलेलं मागे ढकललं. दहा जण म्हणाले, "तुला माफ आहे." रीतीप्रमाणे तीनदा म्हणाले. मला मात्र त्या थापाच ऐकू आल्या.

कबरस्तानातून निघताना फाटकाशी हात धूत होतो, तिथे त्याची बायको कमूना उभी होती.

"खलीफा भाऊजी, आता कसली माफी? तुमचं तर मिटलं होतं ना?"

"कोण म्हणालं?"

"हेच. तिसऱ्या खेपेला तुम्ही दार उघडलंत, जवळ बसवलंत, बदामाचं सरबत दिलंत. किती खूश होऊन सांगत होते. शेवटची रात्र सुखानं झोपले ते. तुमचे उपकार आहेत."

माझ्या डोक्यावर पाप बसू नये, म्हणून तो घरी जाऊन खोटं बोलला होता. खरं सांगायला मी तोंड उघडलं. मग तिच्याकडे पाहिलं आणि मिटलं.

"सरबतात साखर जरा कमी पडली होती, वहिनी," मी म्हणालो.

त्या दिवसापासून दार वाजलेलं नाही. तरी रोज दुपारी मी हातोडी खाली ठेवतो, उठतो आणि दार उघडतो.