दुसऱ्या मजल्यावरची रांग

थोरल्याला लाज म्हणून नव्हतीच, असं आईचं ठाम मत होतं. पोटचा पोरगा, पण मॉलमध्ये पाऊल टाकलं की तो तिला ‘मॅडम’ म्हणायचा. मॉलचा मॅनेजर ना तो. “मॅडम, दुकानाबाहेर स्टूल ठेवू नका, ये-जा करणाऱ्यांना अडचण होते.” ये-जा करणारं होतं कोण? सकाळपासून एक झाडूवाली गेली होती आणि तीच परत आली होती.

दुसऱ्या मजल्यावर आईचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. पँटची लांबी कमी करणं, चेन बदलणं, कंबर सैल करणं. एके काळी लोक खालच्या दुकानांतून कपडे घ्यायचे आणि पिशवीसकट तिच्याकडे यायचे. आता ती दुकानं एकेक करून उठून गेली होती. काचांना तपकिरी कागद, आत बिनडोक्याचे पुतळे. मजल्यावर उघडं दुकान एकच, तिचं. सरकता जिना मात्र थोरल्याच्या हुकमावरून दिवसभर कुणालाही न घेता वर जात होता.

रस्त्यापलीकडे एक गाळा रिकामा झाला होता. गाळेवाल्याने बजावलं होतं, आज संध्याकाळपर्यंत हो म्हणा, नाहीतर सलूनवाला टपलेला आहे. आईचा जीव त्या गाळ्यात अडकला होता. पण ती उठली की दुसरा मजला बंद, आणि मजले बंद पडले तर मॅनेजर हवाय कशाला? म्हणून तिने अजून तोंड उघडलं नव्हतं. पोरगा कसाही असला तरी आपलाच.

त्यातच आज मालक येणार होते, मॉल चालू ठेवायचा की नाही ते ठरवायला. थोरल्याने शक्कल लढवली. झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन केले: चारला या, भरलेल्या पिशव्या घेऊन मॉलभर हिंडा.

“भरलेल्या कशाने?” आईने विचारलं.

“कशानेही, मॅडम. फुगलेल्या दिसल्या म्हणजे झालं.”

“आणि मालक काय डोळे घरी ठेवून येणार आहेत?”

“तुम्ही फक्त मशीन चालू ठेवा.”

चारला माणसं आली. मावशी, धाकटी काकू, थोरल्याची सासू, दोन भाचेसुना. पिशव्या टम्म फुगलेल्या. थोरल्याची छाती त्याहून फुगली. पण घरचीच माणसं ती. पिशवी भरायचीच आहे तर उसवलेलं-फाटलेलं का भरू नये, हा विचार प्रत्येकीने आपापल्या घरी, कुणालाही न विचारता केला होता. हिंडणं राहिलं बाजूला; पाच मिनिटांत सगळी पलटण आईच्या दारात.

“जाऊबाई, एवढी चेन बघा ना,” काकू म्हणाली.

“ह्यांची कंबर सुटलीय, दोन इंच सैल करा,” सासूने मधूनच हात घातला. “माझा नंबर आधी आहे. पिशवी ठेवून पाणी प्यायला गेले होते.”

“पिशवीला नंबर नसतो, विहीणबाई. मागे जा,” आईने सुनावलं.

तेवढ्यात मालक वर आले, मागून थोरला. दोन वर्षांत प्रथमच रांग दिसली म्हणून मालकांचे डोळे चमकले. रांगेत शेवटी उभ्या असलेल्या मावशीला त्यांनी अदबीने विचारलं, “बरीच खरेदी झालेली दिसते?”

“खरेदी? इथे?” मावशी हसली. “इथे काय मिळतंय बाबा. हे माझे घरचे पडदे. थोरल्याने पिशवी भरून बोलावलं, म्हटलं ताईकडचं कामही उरकेल.”

थोरला भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मालक रागावले नाहीत, तेच वाईट. “महिनाअखेर कुलूप लावू,” ते म्हणाले. “गोदाम करायचं घाटत होतंच. तुम्ही दुसरीकडे बघा.” उतरायचा सरकता जिना बंद होता, म्हणून ते साध्या पायऱ्यांनी गेले.

रांग मात्र कुणी सोडली नाही.

आईने मशीन थांबवलं, गाळेवाल्याला फोन लावला, “हो” म्हणाली आणि ठेवला. मग चष्मा कपाळावर चढवून थोरल्याकडे पाहिलं.

“दोन वर्षं मेलेल्या मॉलला पावडर लावत बसलास. त्यापायी मीही इथे अडकून पडले, ती चूक माझी. पण एका फोनवर एवढ्या बायका वेळेवर आणणं, हे भल्याभल्यांना जमत नाही. पलीकडच्या गाळ्यात माणसं तू आणायचीस, कपडे मी शिवायचे. अक्कल दोघांत एकीची पुरे, ती मी आणते.”