गोधडीचा उपास

हे तुम्ही खरं मानणार नाही, आणि मानूही नका. मागे एकानं मानलं, तो ट्रक इथंच उभा करून पायी वाशिमला निघून गेला, अन् त्याचा मालक अजून मला शिव्या घालतो. पण कनेरगाव नाक्यावर थांबून माझी, या दगडोबाची, गोष्ट न ऐकता गेलेला ड्रायव्हर अजून जन्माला यायचाय. तुमच्या टायरचं पंक्चर निघायला वेळ आहे, ताट समोर आहे. जेवता जेवता ऐका, पाव्हणं.

हा गल्ल्यावर बसलाय तो रामप्रसाद, धाब्याचा मालक. आणि ती मागे चुलीपाशी भाकरी थापणारी बाई दिसते ना, ती नर्मदाबाई. आमच्याच वाडीची. गोष्ट तिचीच आहे आणि तिच्या समोरच सांगतो, म्हणजे खोटं बोलायची सोय नको.

"तुमची सोय कुठंबी व्हते, मामा," नर्मदाबाई तिकडून म्हणते.

ऐकलंत? अशी माणसं. चालायचं.

तर गेल्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या भावाची नात, सुकन्या, पुण्याहून वाडीवर राहायला आली. पोरगी कापडाची कलाकार आहे. आमच्या सात पिढ्या मेंढरं राखण्यात गेल्या, ही तेवढी चिंध्या राखते. तिकडं पुण्यात लोक गोधडी अंगावर घेत नाहीत म्हणे, भिंतीवर टांगतात. मी तिला विचारलं, "काहून गं, तिथं भिंतीला थंडी वाजते का?" तर म्हणाली, "आबा, लोकं लांबून बघतात." आता लांबून बघून कुणाची थंडी गेलीय?

पण तिचा खेळ मोठा मजेचा. सकाळी उठली की तीन दगड मांडून बाभळीच्या शेंगा उकळायची, त्यात फडकी बुडवायची. हळदीच्या पाण्यात चुना घालून पिवळ्याचं लाल करायची आणि लेकरागत टाळ्या वाजवायची. बैलाचे गंजलेले नाल ओल्या कापडात बांधून ठेवायची, त्यांचे तांबूस ठसे उमटायचे. एकदा माझं धोतर वाळत होतं, तर त्याच्यावर तिनं कडुनिंबाचा पाला ठेचून ठेचून छापला. तेच नेसून मी आखाडा बाळापूरच्या बाजाराला गेलो. बाजारातल्या झाडून सगळ्या शेळ्या माझ्या मागं. परत येताना मी टॉवेलवर होतो.

"टॉवेलबी माझाच नेला व्हता," रामप्रसाद म्हणतो.

दिला ना परत? मग.

ऊन कललं की ती स्कूटी काढायची आणि मला मागं बसवून फिरायची. कधी हिंगोलीच्या मोंढ्यात, जिथं हळदीची पोती उतरवून उतरवून माणसांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या होतात. कधी तांड्यावर, कधी इथं धाब्यावर. जिथं चहा व्हायचा तिथं ती एक चिंधी मागायची. पैशानं नाही, मागून. म्हणायची, "या मुलखाची एक गोधडी शिवणार आहे. सगळे एकाच पांघरुणात." रामप्रसादनं डाळीचे हात पुसायचं फडकं दिलं. तांड्यावरच्या मोतीबाईनं लग्नातली आरसे लावलेली काचोळी कापून तिची बाही दिली. ती कुणाला दोरा देत नाही, पण सुकन्येला बाही दिली. मी माझ्या घोंगडीचा काठ दिला.

आणि नर्मदाबाईनं दिला मिनाचा परकर.

मिना तिची एकुलती एक लेक. लहानपणीच तापानं गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. शाळेत फोटोवाला आला त्या दिवशी पोरगी आजारी होती, आणि मग फोटो काढायचा राहूनच गेला. तेव्हा मिनाचं तोंड या जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, नर्मदाबाईच्या डोळ्यामागं. बाकी हा परकर, निळा, खाली पिवळी पट्टी. सुकन्येनं तो बरोबर मधोमध लावला आणि चारी बाजूंनी बाकीच्या चिंध्या बसवल्या. नर्मदाबाई रोज जाऊन बघायची. हात लावायची नाही, नुसती बघायची.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. गोधडी शिवताना शेवटची बाजू मिटवायच्या आधी तिच्या पोटात भाकरीचा घास घालतात. रात्रभर माणसाच्या अंगावर पडून राहायची वस्तू ती. उपाशी ठेवली तर माणसालाच चावायची. आणि घास घालायचा तो त्या बाईनं, जिचं कापड मधोमध आलं असेल.

गोधडी पुरी झाली त्या दिवशी संकष्टी होती.

नर्मदाबाईचा उपास. तिच्या चुलीवर भाकरच नव्हती. सुकन्या सुईत दोरा ओवून बसलेली. म्हणाली, "मावशी, घास?"

नर्मदाबाई म्हणाली, "आज भगर हाय बाई. चालंल का?"

"चालेल की," सुकन्या म्हणाली. "खाणंच ना ते."

मी तिथंच बसलो होतो. आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. नर्मदाबाईनं चिमूटभर भगर आत सरकवली, सुकन्येनं शिवण मिटवली, गाठ मारली, दोरा दातानं तोडला. वर आम्ही खोबऱ्याचा तुकडा खाल्ला.

आता तुम्ही सांगा, पाव्हणं. गोधडीनं उपासाचं खाल्लं म्हणजे काय झालं? उपास धरला. आणि संकष्टीचा उपास चंद्र बघितल्याबिगर सुटत नाही. गोधडीच्या पोटात चंद्र कुठून दिसायचा?

हसा, हसा. मीबी हसलो होतो.

सुकन्येच्या घरी शेळ्या कापड चघळतात, म्हणून गोधडी नर्मदाबाईच्या घरी पेटीवर ठेवली. आणि पहिला फटका बसला या रामप्रसादला. डाळीला मीठ लागेना. मूठभर टाकलं, अळणी. ओंजळभर टाकलं, अळणी. गिऱ्हाईक ताट ढकलून पुढच्या धाब्यावर जायला लागलं.

"ते मात्र खरं हाय," रामप्रसाद म्हणतो. "देवाशपथ. अख्खी पिशवी रिचवली मी एका पातेल्यात."

"आजची डाळबी अळणीच हाय की."

तुम्ही गप खा, पाव्हणं. ते मीठ समोर ठेवलंय.

मग माझी पाळी. मेंढरं कातरायला बसलो. कातर चालतेय, लोकर सुटतेय, मेंढरू उघडं पडतंय, आणि खाली बघावं तर जमीन कोरी. लोकर कातरीतून सुटायची आणि जमिनीला पोचायचीच नाही. अख्खा कळप कातरला, त्यात एक टोपी होईल एवढी लोकर हाती लागली नाही. मेंढरं माझ्याकडं अशी बघायची, जशी मीच खाल्ली.

तोवर आम्हाला मौजच वाटून राहिली होती. उन्हाचा झटका आहे, म्हटलं. मग एक दिवस भर दुपारी तांड्यावरून मोतीबाई चालत आली. डोक्यावरून ओढणी पार हनुवटीपर्यंत ओढलेली. ती बाई कुणाला भीक घालणारी नाही, पण त्या दिवशी सरळ माझ्यापुढं येऊन विचारलं.

"दगडोबा, माझं तोंड जागेवर हाय का?"

मी म्हटलं, "हाय की. नाकासकट."

"तुला दिसून राहिलं. मला न्हाई." तिनं कनवटीचा आरसा काढला. "आरशात झाड दिसतं. मागं उभी राहिली तर सून दिसते. मी तेवढी दिसत न्हाई."

मी तिच्या खांद्यावरून आरशात वाकून बघितलं. माझं तोंड दिसलं, मिशीसकट. माझ्या पुढ्यात जिथं तिचं डोकं असायला हवं, तिथं पलीकडचं कुंपण दिसत होतं. त्या कुंपणावर एक सरडा बसलेला. तो मान हलवत होता.

पाव्हणं, घास हातातच राहिला तुमचा. खा.

मोतीबाई गेली, आणि मग मला नर्मदाबाईचा विचार आला. ज्यानं जे दिलं, त्याचंच काहीतरी जाऊन राहिलं होतं. फडकं देणाऱ्याची चव गेली. घोंगडीवाल्याची लोकर गेली. आरसेवालीचं तोंड गेलं. मग परकर देणारीचं काय जाईल?

मी विचारायला जायच्या आधी तीच आली. मेंढरांच्या वाड्याच्या कुंपणाची काठी धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, आमच्या मिनाच्या गालावर तीळ व्हता. कंच्या गालावर?"

मी म्हटलं, "उजव्या."

ती गेली. तिनं शेजारच्या बेबीबाईला विचारलं, बेबीबाई म्हणाली डाव्या. शाळेतल्या शिपायाला विचारलं, तो म्हणाला तीळ नव्हताच. दुसऱ्या दिवशी परत माझ्याकडं. "मामा, डोळे कसे व्हते तिचे?"

"काळे."

"काळे तर समद्यांचेच असतात," ती म्हणाली, आणि तिथंच खाली बसली.

वाडीतल्या प्रत्येकानं तिला एकेक वेगळी मिना सांगितली. कुणी गोल चेहऱ्याची, कुणी उभट. कुणी म्हणालं हसली की दातात फट दिसायची. नर्मदाबाई सगळं ऐकून घ्यायची आणि डोळे मिटून जुळवायला बघायची. परकर दिसायचा तिला. पिवळी पट्टी दिसायची. पायसुद्धा दिसायचे, उन्हात पोळून उचलून उचलून टाकलेले. वर काही नाही.

चुलीपाशी थापायचा आवाज थांबला, लक्षात आलं का तुमच्या? राहू द्या. तिकडं बघू नका.

मी आणि सुकन्या तिच्या घरी गेलो. पेटीवर गोधडी. आमचा वैशाख तुम्हाला माहीत आहे, पत्र्यावर पापड भाजावा. आणि ती गोधडी गार. विहिरीतल्या तळच्या दगडासारखी गार. सुकन्या उचलायला गेली तर हलेना. दोघांनी धरून खाली घेतली तेव्हा माझ्या कमरेत कळ आली, ती अजून आहे. पोरगी मागं सरकली. म्हणाली, "आबा, आत काहीतरी आहे."

मी कान लावला. आधी नुसती गुरगुर, रिकाम्या पोटाची असते तशी. मग त्या गुरगुरीतून शब्द आला. बारीक. तापात ओठ सुकलेल्या लेकराचा.

"आई, भाकर."

शेवटच्या दिवसांत मिना हेच मागत होती, पाव्हणं. डॉक्टरनं नुसती पेज सांगितली होती, आणि नर्मदाबाईनं डॉक्टरचं ऐकलं. आई माणूस, लेकरू बरं व्हावं म्हणून ऐकलं. लेकरू भाकर मागत मागत गेलं.

सुकन्या दोन्ही हातांनी कान दाबून भिंतीला टेकली. म्हणाली, "आबा, भगर चालेल म्हणाले मीच. मी खेळत होते." मी म्हटलं, "रडू नको. उपास धरलाय तर सोडू. त्यात काय?" रीत चुकली तर रीतीनंच निस्तरायची. चंद्र दाखवायचा, भाकरीचा घास द्यायचा, शिवण परत मिटवायची.

तो दिवस बरा होता, दुपार कलतानाच आभाळात अर्धा चंद्र होता, ताकाच्या थेंबागत पुसट. गोधडी अंगणात ओढत आणली आणि परकर वर करून पसरली. सुकन्येनं ऊन लागू नये म्हणून सावली धरली. गोधडीला सावली, आम्ही उन्हात. मी मेंढरं कातरायची कातर घेतली आणि शिवण उसवली. नर्मदाबाईनं ताजी, वाफेची भाकर मोडली. घास तुपात बुडवला. आत हात घातला, पार कोपरापर्यंत, आणि बराच वेळ हात बाहेर काढलाच नाही. मग काढला तो रिकामा. आतून कुणीतरी घास घेतला होता.

आणि काय सांगू! तिकडं माझी सगळी लोकर आभाळातून धपकन् खाली आली, वाडीवर कुणाचं घर कुठलं ते कळेना. मोतीबाईचं तोंड आरशात आलं, तेही पहिल्यापेक्षा तरुण. आता ती आरसा सोडत नाही. रामप्रसादची डाळ चवीला लागली. आणि नर्मदाबाईनं डोळे मिटले, तर समोर मिना. तीळ उजव्या गालावर. मी म्हटलंच होतं. पोरगी पोटभर जेवल्यासारखी हसली, दातातली फट दिसली, आणि आईला म्हणाली...

"खोटं हाय."

नर्मदाबाई चुलीपासून उठून आलीय. हात पिठाचे.

"खोटं कशाला सांगता, मामा? कातर मी तुमच्या हातातून हिसकली व्हती. शिवण उसवलीच न्हाई. गोधडी अजून माझ्या पेटीवरच हाय, अन् मिनाचं तोंड मला अजून दिसत न्हाई. पण ती हाक मारते. रोज मारते. तिचं पोट भरलं, अन् ती झोपली, तर मला आई कोण म्हणंल?"